हळदीतली १२ मिनिटं: एका साउंडवाल्याच्या खरेदीचं प्रकरण

माझं काम साउंडच्या दुरुस्तीचं. टेबलावर दिवसभर उघडी मशीन, उडालेले स्पीकर आणि तुटक्या वायरी. हे प्रकरण माझ्याकडे खरेदीच्या सल्ल्यासाठी आलं आणि आधी दुरुस्तीवर गेलं. धंदा मामा-भाच्यांचा आहे. दोघांना विचारून लिहितोय. नावं, गाव आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मामांनी सुरुवात केली ती कर्णे, एक अहुजाचा अँप्लिफायर आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली बॅटरी घेऊन. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे १८ इंची दोन-दोन स्पीकरचे ४ बेस (जाड आवाजाचे डबे), ४ टॉप (बारीक आवाजाचे), ४ मशीन म्हणजे अँप्लिफायर, एक टेम्पो आणि भाचा एवढा पसारा होता. भाचा म्हणजे ऑपरेटर. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आणि पुढ्यात दोन चॅनलचा कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचा बटणं-चकत्यांचा डबा. कंट्रोलर पाच वर्षं जुना, सुरुवातीच्या किमतीतला, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा दोष जवळजवळ नाही.

आमच्या भागात या सगळ्या पसाऱ्याला ‘डॉल्बी’ म्हणतात. सुपारी (कार्यक्रमाचं ठरलेलं काम) ‘डॉल्बीची’ असते, बंदी ‘डॉल्बीवर’ असते. गंमत अशी की रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेली कंपनी नावारूपाला आली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. मामांच्या बेसवर ते नाव कुठेच नाही. तसंच कंट्रोलरचं. गावात तो कुठल्याही कंपनीचा असो, लोक त्याला ‘पायोनियर’च म्हणतात. ब्रँडचं नाव आणि वस्तू यांची इथे फारकत झालेली आहे, आणि खरेदीची वेळ आली की हीच फारकत महागात पडते.

काय घडलं

मे महिन्यातली हळद. मांडवात तीनेकशे माणसं. रात्री १० ला आवाज बंद करायचा, हे पोलीस पाटलांनी दुपारीच सांगितलेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं, पण घरच्या हळदीला ती लागू नाही. त्यामुळे ९ ते १० हा तास म्हणजे सगळ्या सुपारीचा गाभा.

९ वाजून ४० मिनिटांनी आवाज तुटला. लॅपटॉपवर ‘कंट्रोलर जोडलेला नाही’ असा संदेश. भाच्यानं वायर काढून लावली, आवाज आला, दीड गाण्यानंतर परत गेला. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, आणि सुरू होता होता त्यानं अपडेट पूर्ण करायला घेतलं. शेवटी मामांनी स्वतःचा फोन मिक्सरला जोडला आणि तोवर ९:५२ झाले होते. १२ मिनिटं गेली. नवरदेवाच्या मामांनी १० नंतर ‘आता भरून द्या’ म्हणून हट्ट धरला. ते शक्य नव्हतं. राहिलेल्या पैशांतले पाच हजार कापले गेले.

परतीच्या टेम्पोत दोघांचे दोन निष्कर्ष ठरले होते. भाचा म्हणाला, “मामा, हे खेळणं आहे. पायोनियरचं मोठं मशीन घेऊ, लॅपटॉपची कटकटच नको.” मामांची तक्रार निराळीच होती. “आवाज तुटला ते एक झालं, पण मला सांग, बेस तरी बसत होता का? अजून चार डबे पाहिजेत.”

दोघं आठवड्याभरानं माझ्याकडे आले ते या दोन याद्या घेऊन. दोन्ही मिळून बेरीज पाच लाखांच्या पुढे जात होती. पतसंस्थेत कर्जाची चौकशीही झाली होती.

पहिला टप्पा: आधी मोजून बघू

मी एवढंच म्हटलं, पुढच्या सुपारीला मला न्या. खरेदी मग बघू.

माझा पहिला संशय जनरेटरवर होता आणि तो चुकला. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. व्होल्टेज थोडं खाली गेलं म्हणून त्याला काही होत नाही. तेव्हा आवाज तुटण्याचं कारण तिथे नव्हतं. मी कंट्रोलर बेसच्या जवळच्या टेबलावर चालू ठेवून यूएसबीच्या वायरीला बोटानं हलकंसं दाबलं. तुटला. सोडलं, आला. घरी उघडून भिंगाखाली बघितलं तर यूएसबीच्या सॉकेटच्या चारपैकी एका पायाच्या झाळणाला गोल चीर गेलेली, केसाएवढी. टेबल पत्र्याचं, बेसच्या डब्यांपासून हातभर अंतरावर, आणि वायर ताणून खाली सोडलेली. पाच वर्षं प्रत्येक ठोक्याला तो पाय हलत होता. एवढं झाल्यावर झाळण टिकलं असतं तरच नवल.

मामांच्या तक्रारीचं कारण मात्र खरंच विजेत होतं. जनरेटरपासून मशीनपर्यंत २.५ चौरस मिमीची ४० मीटर वायर टाकलेली. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.६ ओहम. बेसच्या ठोक्याला २० अँपिअर ओढले गेले की १२ व्होल्ट निव्वळ वायरीतच गेले. त्यात शार्पी (झोताचे दिवे) आणि एलईडीवाला त्याच जनरेटरवर. मीटरवर रिकामं असताना २२८ दिसत होते; गाणं भरात आलं की १९५ पर्यंत खाली. यांची मशीन जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरची. अशा मशीनचं व्होल्टेज १५ टक्क्यांनी पडलं की मिळू शकणारी जास्तीत जास्त ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे साधारण २८ टक्के. कानाला एवढा फरक फार मोठा वाटत नाही. पण भाचा मशीन आधीच लाल दिव्यावर चालवत होता, आणि तिथे आवाज नुसता कमी होत नाही, फाटतो. मामा त्याला ‘बेस बसत नाही’ म्हणत होते. त्यांचा कान बरोबर होता, निदान चुकलं होतं. अजून चार डबे आणि दोन मशीन त्याच वायरीवर टाकले असते तर बेस आणखी फाटला असता.

तिसरी गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. दोघांना तिची सवय झालेली. गाणं थांबलं की टॉपमधून बारीक ‘हूंऽऽ’ यायचा. लॅपटॉपचा चार्जर आणि मशीन यांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली जात होती. त्यावर भाच्यानं कधीतरी शोधलेला उपाय मांडवात सगळीकडे दिसतो: चार्जरच्या पिनेचा अर्थचा पाय काढून टाकलेला. हूं कमी झाला होता. ओल्या मांडवात, पत्र्याच्या टेबलाला हात लावून उभ्या असलेल्या माणसासाठी हा उपाय म्हणजे जीवाशी खेळ. मी तिथेच ती पिन कापून फेकली आणि नवी लावायला लावली.

समोरचे पर्याय

दुरुस्तीचा हिशेब सोपा होता. सॉकेट नवं, काटकोनी टोकाची चांगली वायर, टेबलाखाली जाड फोम, ६ चौरस मिमीची वायर, हूं घालवायला डीआय बॉक्स (सिग्नलच्या वायरीतला गोंगाट अडवणारी डबी), छोटा यूपीएस आणि लॅपटॉपला बॅटरी. सगळं मिळून वीस हजारांच्या आत. इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण भाचा ऐकेना, आणि त्याचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. आता प्रत्येक वरातीचं रील निघतं, त्यात कन्सोल (डीजेच्या पुढ्यातलं मशीन) दिसतो, आणि पुढची सुपारी ते रील बघून येते.

मग आम्ही पुण्याला तापकीर गल्लीत आणि आणखी दोन दुकानांत फिरलो. पर्याय असे होते.

पहिला, पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४. २०२२ च्या शेवटी आलेला, दोन चॅनलचा, लॅपटॉप किंवा फोनला जोडूनच चालणारा, तीस-पस्तीस हजारांच्या घरातला. शिकायला आणि लहान कामाला उत्तम. अडचण एक: याचा मुख्य आउटपुट फक्त आरसीएचा (घरच्या टेपला असते तशा साध्या वायरीचा) आहे, एक्सएलआर (लांबवर गोंगाट न उचलणाऱ्या तीन पिनांच्या वायरीचा) नाही. घरात चालतं. मांडवात मशीनपर्यंत लांब वायर टाकायची तर आरसीए वाटेतला सगळा कचरा उचलते; मध्ये डीआय बॉक्स लागतोच.

दुसरा, भाच्याच्या स्वप्नातला, एक्सडीजे-आरएक्स३. २०२१ चा. १०.१ इंची टचस्क्रीन, लॅपटॉप नको, पेनड्राइव्ह लावा आणि वाजवा, एक्सएलआर आउटपुट. किंमत दोन लाखांच्या वर.

तिसरा, डेनॉन डीजेचा प्राइम गो. मला मनापासून आवडलेला. आकारानं लहान, पण आत बॅटरी आहे. वीज गेली तरी कन्सोल जिवंत राहतो. भाच्यानं हातात घेतला, जॉग व्हील (गाणं हातानं मागेपुढे करायची चकती) फिरवलं आणि खाली ठेवला. “दादा, रीलमध्ये हा दिसणारच नाही.” दुकानदारानं लगेच न्यूमार्क पुढे केला, जणू हा अगदी निराळ्या घराण्याचा. डेनॉन डीजे, न्यूमार्क आणि रेन ही तिन्ही नावं आज इनम्युझिक या एकाच अमेरिकी कंपनीकडे आहेत. ही तुलना करायला हरकत नाही, पण ती एकाच घरातल्या भावंडांची आहे एवढं माहीत असावं.

चौथा, जुन्या बाजारातले पायोनियरचे दोन सीडीजे-२००० नेक्सस २ प्लेअर आणि डीजेएम मिक्सर. पुण्या-मुंबईचा डीजे पाहुणा म्हणून आला की तो हेच मागतो. त्याचं कारण इतिहासात आहे. १९७२ मध्ये आलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० हा डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर फिरणारा) टर्नटेबल पुढे क्लबांमध्ये बसला; पट्ट्यावर फिरणाऱ्या तबकडीपेक्षा तो झटक्यात वेग घ्यायचा आणि हातानं मागेपुढे केला तरी टिकायचा. २००१ मध्ये पायोनियरनं सीडीजे-१००० काढला, ज्याच्या मोठ्या चकतीवर सीडी तशीच हातानं खेळवता यायची. तिथून क्लबाच्या टेबलावर तीच मांडणी कायम झाली. एकाला हात बसला की जगात कुठेही वाजवता येतं. नावाची ताकद मला वाटतं यातच आहे, आवाजात नाही. पण मामांच्या वर्षभरातल्या सुपाऱ्यांत पाहुणा डीजे आला होता दोनदा. दोन दिवसांसाठी भाड्यानं आणता येतं ते विकत कशाला घ्यायचं? शिवाय जुन्या सीडीजेत प्ले आणि क्यू ही बटणं आधी झिजतात; बाहेरून चकाचक दिसणारा नग आतून किती रात्री वाजलाय ते कळत नाही. हा पर्याय मी पाच मिनिटांत काढून टाकला.

निर्णयाची जागा

दुकानातच एक प्रसंग घडला. काउंटरवर नवीन मॉडेलचं पत्रक होतं आणि त्यावर ‘अल्फाथीटा’ लिहिलेलं. मामांनी विचारलं, “हे कुठलं नवीन चायना?”

मी सांगितलं ते असं. पायोनियरनं आपला डीजेचा धंदा २०१५ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीला विकला. २०२० मध्ये तो जपानच्याच नोरित्सूकडे गेला आणि त्याच वर्षी कंपनीचं नाव अल्फाथीटा झालं. ‘पायोनियर डीजे’ हे नाव मशीनवर राहिलं, पण आता नव्या मशीनवर अल्फाथीटा छापून येऊ लागलंय. म्हणजे तुम्ही ज्या नावासाठी कर्ज काढताय ते नावच हळूहळू पडद्याआड चाललंय.

मला वाटलं होतं हे ऐकून दोघं थांबतील. झालं उलटंच. भाचा म्हणाला, “मग तर आत्ताच घ्यायला पाहिजे. अजून पायोनियर लिहिलेलं मिळतंय तोवर.” मामा हसले, आणि हसले म्हणजे होकार झाला, हे मला त्या क्षणी कळलं.

मी तिथे गप्प बसलो. वीस हजारांच्या दुरुस्तीनं दोघांच्याही तक्रारी मिटतात हे मला माहीत होतं, मी ते एकदा सांगितलंही होतं. पण दुकानात, दुकानदारासमोर, भाच्याचे डोळे चमकत असताना दुसऱ्यांदा सांगितलं नाही. निदान ‘आधी महिनाभर भाड्यानं चालवून बघा’ एवढं तरी म्हणायला हवं होतं.

एका अटीवर मात्र मी अडून बसलो: बेसचे चार डबे या वर्षी घ्यायचे नाहीत, आणि दुरुस्तीची यादी आधी पूर्ण करायची, कन्सोल नंतर. मामांनी ते मानलं.

काय केलं

पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा सगळं उरकलं. जुन्या कंट्रोलरचं सॉकेट बदललं. मालाचा खर्च शंभर रुपयेही नाही. टेबल पत्र्याचं काढून लाकडी केलं, खाली फोम, आणि ते बेसच्या रांगेतून मागे घेतलं. वायर ६ चौरस मिमीची घेतली. त्याच २० अँपिअरला आता वायरीत १२ ऐवजी ५ व्होल्ट जातात. लाइटवाल्याशी भांडून त्याचा जनरेटर वेगळा करायला लावला. हे भांडणच सगळ्यात अवघड गेलं, कारण लाइटवाला मामांचा चुलतभाऊ. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं; ते सिग्नलच्या वायरीतली जोडणी तोडतं, विजेची अर्थिंग जिथल्या तिथे राहते. हूं गेला आणि पिनाही शाबूत राहिल्या.

आरएक्स३ गणपतीनंतर आला. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सुपारीला लावायचं ठरलं.

परिणाम

पहिल्या सुपारीला तो मांडवात वाजलाच नाही. भाच्यानं ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणला होता आणि लॅपटॉपवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला होता. ही पद्धत असले कन्सोल वाचत नाहीत, फॅट३२ लागते. आणि ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. स्क्रीनवर काहीच दिसेना. भाच्याला घाम फुटला. मामांनी शांतपणे टेम्पोतून जुना कंट्रोलर काढला, फोमवर ठेवला, आणि रात्री १० पर्यंत तो एकदाही तुटला नाही. सव्वादोन लाखांची वस्तू कापडाखाली झाकून ठेवलेली आणि शंभर रुपयांच्या सॉकेटवर सुपारी निभावली. मामा हे अजून सांगतात, पाहुण्यांसमोर जरा जास्तच.

पेनड्राइव्ह एका संध्याकाळीत सुधारला. त्यामागचं मोठं काम मात्र कोणीच हिशेबात धरलं नव्हतं. भाच्यानं पाच वर्षं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी लावली होती: कुठे ठोका सुरू होतो, कुठून कापायचं, कुठल्या गाण्याला कुठलं जोडायचं, सगळ्या खुणा तिथे. नव्या कन्सोलसाठी ती सगळी गाणी रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून, तपासून, याद्या नव्यानं करून पेनड्राइव्हवर उतरवायची होती. जुन्या खुणा जशाच्या तशा आल्या नाहीत. दोन महिने तो रात्री बसून हेच करत होता, आणि तेवढे दिवस मुख्य काम जुन्याच कंट्रोलरवर चाललं.

दुसरी अडचण मांडवातली. ‘हे गाणं लाव’ म्हणून कोणीतरी फोन पुढे करतोच. लॅपटॉप असताना भाचा ते तिथल्या तिथे शोधायचा. पेनड्राइव्हवर नसलेलं गाणं आता आणायचं कुठून? शेवटी कन्सोलच्या ऑक्स इनपुटला एक जुना फोन कायमचा जोडून ठेवला. देखणं नाही, पण चालतं.

जमेची बाजू खरी आहे. २०२५ च्या मे अखेरपर्यंत कन्सोलमुळे आवाज एकदाही तुटला नाही. एका वरातीत जनरेटरचं डिझेल संपलं. मशीन बंद पडली, पण यूपीएसवर कन्सोल चालू राहिला आणि वीज आल्यावर गाणं लगेच धरता आलं. बेसची तक्रार मामांनी परत केली नाही. डबे तेच चार. सुपारीचा दर भाच्यानं वाढवला आणि तीन-चार ठिकाणी तो मिळालाही. त्यात कन्सोलच्या रीलचा वाटा किती आणि ‘यांचा आवाज तुटत नाही’ या बोलण्याचा किती, यावर मामा-भाच्यांचं एकमत नाही. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो, यावर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

मीटर आधी, दुकान नंतर, हा क्रम आम्ही निम्मा पाळला. मोजमाप झालं, पण त्याचा आकडा घेऊन एक हंगाम काढला नाही. दुरुस्त केलेल्या सेटअपवर डिसेंबरपर्यंत काम केलं असतं तर भाच्याला स्वतःलाच कळलं असतं की त्याला लॅपटॉप सोडायचा आहे की फक्त तुटणाऱ्या आवाजाची भीती घालवायची आहे. माझा अंदाज, त्यानं मग धडधाकट लॅपटॉप, मधल्या किमतीचा एक्सएलआरवाला कंट्रोलर आणि यूपीएस एवढ्यावर भागवलं असतं आणि निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते.

आरएक्स३ घ्यायचाच होता तर तो आणण्याआधी दोन महिने गाण्यांचं काम व्हायला हवं होतं. रेकॉर्डबॉक्स लॅपटॉपवर आधीच घालता येतं. पेनड्राइव्ह दुकानातल्याच नगात लावून बघता येतो. आम्ही दुकानात स्क्रीनचे रंग बघितले, जॉग फिरवला, आणि खिशातला पेनड्राइव्ह खिशातच राहिला.

लाइटवाल्याचा जनरेटर वेगळा करायला मात्र पाच वर्षं उशीर झाला, आणि तो खर्च आमचा नव्हताच. मामा म्हणतात, चुलतभाऊ अजून नीट बोलत नाही.